यंत्राची सोय, लेखकाचा विवेक

(बोरी अरब, ता. दारव्हा, जि. यवतमाळ येथे लिहित्या मंडळींसमोर दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा आरंभ ज्या समासाने केला, त्याचे नाव आहे 'लेखनक्रियानिरूपण'. प्रपंच, परमार्थ आणि राजकारण यांवर अधिकारवाणीने बोलणारा हा सत्पुरुष त्या ठिकाणी क्षणभर थांबतो आणि अक्षर कसे काढावे ते सांगतो. अक्षर वाटोळे, सरळ व मोकळे असावे. ग्रंथाचे पहिले अक्षर आणि शेवटचे अक्षर एकाच टाकाने लिहिल्यासारखे दिसावे. तरुणपणी फार बारीक लिहू नये, ते म्हातारपणी कामाला येत नाही. पानाच्या भोवताली जागा सोडावी, म्हणजे कागद कडेने झडला तरी अक्षर झडणार नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, शोधू गेले तरी चूक सापडू नये, असे लेखन लेखकाने करावे.

साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या या उपदेशात अक्षराचा आकार, ओळींतील अंतर, कडेची जागा, शुद्धता आणि टिकाऊपणा या सर्वांचा विचार आहे. आज बोरी अरबमधील एखादा विद्यार्थी हातातील भ्रमणध्वनीवर लेख लिहितो, तेव्हा यांपैकी निम्म्या गोष्टी यंत्र न सांगता करून देते. अक्षर आपोआप सारखे येते, ओळीला ओळ लागत नाही, म्हातारपणी अक्षर बारीक वाटले तर दोन बोटांनी मोठे करता येते. मग लेखकाने करावयाचे ते काय उरले? उरले ते समर्थांचे शेवटचे कलम, म्हणजे चूक राहू न देणे. ते काम यंत्राकडे सोपविता येईल काय, आणि सोपविले तर काय गमवावे लागेल, हाच आजचा विषय आहे.

बोरी अरबसारख्या गावात लिहिणारा म्हणजे केवळ कथा-कविता लिहिणारा नव्हे. शाळेच्या स्मरणिकेत लेख देणारे शिक्षक, ग्रामसभेचा वृत्तान्त लिहिणारा तरुण, आजोबांच्या आठवणी टिपून ठेवणारी नात, दिवाळी अंकाला पहिलीच कथा पाठविणारी गृहिणी, हे सर्व लेखकच होत. या जिल्ह्याला मुद्रित शब्दाची परंपरा आहे. १९१८ साली लोकनायक बापूजी अणे यांच्या पुढाकाराने 'लोकमत' हे साप्ताहिक यवतमाळातून निघाले. १९७३ साली ग. दि. माडगूळकर आणि २०१९ साली डॉ. अरुणा ढेरे यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलने यवतमाळात भरली. अशा जिल्ह्यातील लिहिणाऱ्याने आपले अवजार नीट ओळखून घ्यावे, ही अपेक्षा गैरवाजवी नाही. शेतकरी डवरा विकत घेतो तेव्हा त्याची पास पाहून घेतो; लेखकाने तेवढे तरी करावे.

खोडण्याची सोय आणि राखण्याची सोय

खिळ्यांच्या छापखान्यात मजकुरातील एक शब्द बदलणे हे खर्चाचे काम असे. जुळारी ती ओळ सोडवी, खिळे काढी, नवे बसवी आणि पुढच्या ओळी पुन्हा जुळवी. म्हणून मुद्रिते हाती आल्यावर फेरफार करणारा लेखक छापखान्याला नकोसा वाटे. परिणामी, फेरविचार जो करायचा तो कागदावर, मजकूर छापखान्यात जाण्यापूर्वी होत असे. आज खोडणे फुकट झाले आहे. पण जे फुकट मिळते त्याचा विचार थोडा होतो, हा मनुष्यस्वभाव आहे. लेख लिहून झाला की लगेच पाठविला जातो, कारण 'नंतर दुरुस्त करता येईल' ही खात्री असते. ती दुरुस्ती बहुधा होत नाही.

म्हणून पहिली उपयुक्त सोय म्हणजे मसुदा. लिहिलेला मजकूर प्रसिद्ध न करता बाजूला ठेवण्याची व्यवस्था लेखनाच्या बहुतेक साधनांत असते. तिचा खरा उपयोग एक रात्र मध्ये जाऊ देण्यासाठी आहे. रात्री लिहिलेले सकाळी परक्याच्या नजरेने वाचता येते. दुसरी सोय म्हणजे पाऊल मागे घेण्याची कळ. कंट्रोल आणि झेड एकत्र दाबले की शेवटची कृती रद्द होते. मात्र अनेक साधनांत ही आठवण दस्तऐवज बंद करताच पुसली जाते, हे लक्षात ठेवावे. तिसरी आणि सर्वांत मोलाची सोय म्हणजे आवृत्त्यांचा इतिहास. गूगल डॉक्ससारख्या साधनात मजकूर आपोआप जपला जातो आणि मागील अवस्था पुन्हा उघडून पाहता येतात. वीज गेली, यंत्र बंद पडले, तरी जपलेला मजकूर हाती राहतो. तथापि, जागा वाचविण्यासाठी जुन्या अवस्था कधीकधी एकत्र केल्या जातात. म्हणून महत्त्वाच्या टप्प्याला नाव द्यावे आणि दिनांक घालून एक प्रत वेगळी ठेवावी.

एवढी दक्षता कशासाठी, असे वाटणाऱ्याने शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूरकडे पाहावे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या लीळा गोळा केल्या. ज्यांनी प्रसंग पाहिले-ऐकले होते त्यांच्याकडे ते गेले, नागदेवाचार्यांकडून खातरजमा करून घेतली आणि 'लीळाचरित्र' सिद्ध केले. मराठी गद्याचा हा आरंभीचा महान ग्रंथ. पुढे चौदाव्या शतकाच्या आरंभी खलजींच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत त्याची मूळ प्रत नष्ट झाली. शिष्यपरंपरेने तो ग्रंथ आठवणीतून पुन्हा उभा केला. ग्रंथ वाचला; परंतु आठवणी जितक्या, तितके पाठभेद झाले आणि मूळ शब्द कोणता, हे ठरविण्यात विद्वानांच्या पिढ्या खर्ची पडल्या. मजकुराची दुसरी प्रत आणि बदलांची नोंद यांचे मोल यापेक्षा ठळकपणे कोण सांगणार?

'शोधा आणि बदला' : सोय आणि सापळा

ज्यांनी पंचवीस वर्षांपूर्वी संगणकावर मराठी लिहिले, त्यांना एक अनुभव आठवत असेल. एका संगणकावर सुबक दिसणारा मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा निरर्थक पसारा दिसे. कारण त्या काळच्या बहुतेक फाँटांत देवनागरी अक्षरांचे तुकडे रोमन अक्षरांच्या जागी बसविलेले असत. डोळ्यांना मराठी दिसे, यंत्राला मात्र ते मराठी आहे याचा पत्ताच नसे. अशा मजकुरात शब्द शोधणे कठीण आणि शुद्धलेखन तपासणे अशक्यप्राय होते. युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीची पहिली आवृत्ती १९९१ साली आली आणि तीत देवनागरीला १२८ जागांचा स्वतंत्र गट मिळाला. ती प्रणाली व्यवहारात रुळल्यावर यंत्र प्रथमच मराठीला मराठी म्हणून ओळखू लागले. आजच्या सर्व संपादन-सोयींचा पाया हा आहे. म्हणून जुन्या फाँटातील लेख घरी पडून असतील, तर ते रूपांतरकाने युनिकोडमध्ये आणून ठेवावेत. असे करताना ऱ्हस्व वेलांटी आणि रफार या दोन ठिकाणी मजकूर विशेष काळजीने तपासावा. जुन्या फाँटांत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टंकित होई आणि युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठविली जाते. रफाराचे नेमके उलट आहे. बहुतेक चुका तेथेच राहतात.

आता 'शोधा आणि बदला' ही सोय पाहू. समजा, कथेतील नायकाचे नाव राम होते आणि लेखकाला ते श्याम करावेसे वाटले. एका आज्ञेत सर्वत्र बदल होतो. परंतु यंत्र शब्द वाचत नाही, अक्षरांचा क्रम वाचते. त्यामुळे 'आराम'चे 'आश्याम' होते आणि 'विराम'चे 'विश्याम' होते. 'ग्रामपंचायत' या शब्दातही ग् नंतर र, काना आणि म असा क्रम दडलेला आहे, म्हणून तिची 'ग्श्यामपंचायत' होते! याउलट सीतेचे नाव बदलायचे असेल, तर 'सीता' शोधून 'सीतेने', 'सीतेला' ही रूपे सापडणार नाहीत, कारण मराठीत प्रत्यय लागताच नाम आपले सामान्यरूप धारण करते. म्हणून एकदम सर्व बदलण्याऐवजी एकेक ठिकाण पाहून बदलावे आणि सामान्यरूपाचा शोध वेगळा घ्यावा. दहा मिनिटे अधिक लागतील, पण ग्रामपंचायत वाचेल.

आणखी एक बारकावा आहे. सारखी दिसणारी अक्षरे यंत्रासाठी वेगळी असू शकतात. 'वऱ्हाड' या शब्दातील अर्धा र दोन रीतींनी टंकित होतो. एका रीतीत साध्या र नंतर हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह येते, दुसरीत नुक्त्याचा ऱ वापरला जातो. कागदावर दोन्ही 'वऱ्हाड' सारखेच. पण एका रीतीने शोधले, तर दुसऱ्या रीतीने लिहिलेले वऱ्हाड सापडेलच असे नाही. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्रपणे आले. त्यापूर्वीच्या लेखनात ते अ आणि चंद्र जोडून केलेले आढळते. 'दुःख' या शब्दात विसर्गाऐवजी विरामचिन्हातील दोन टिंबे टंकित करण्याची सवय तर सार्वत्रिक आहे. स्मरणिकेसाठी दहा जणांचे लेख एकत्र करणाऱ्या संपादकाने प्रथम या तीन ठिकाणी एकरूपता आणावी. पुढचे निम्मे काम हलके होते.

तांबडी रेघ म्हणजे गुरुजी नव्हेत

शब्दाखाली उमटणारी तांबडी रेघ ही आजच्या लेखकाच्या परिचयाची गोष्ट आहे. यंत्राजवळ शब्दांची यादी असते. यादीत नसलेल्या शब्दाखाली ते रेघ ओढते. इंग्रजीत ही पद्धत बऱ्यापैकी चालते. मराठीत एकट्या 'घर' शब्दापासून घरात, घरातून, घरापर्यंत, घराघरांतले, घरच्यांनासुद्धा अशी असंख्य रूपे होतात. ती सर्व यादीत मावत नाहीत, म्हणून शुद्ध शब्दाखालीही रेघ येते. दुसरीकडे, 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे गरीब, 'सुत' म्हणजे पुत्र आणि 'सूत' म्हणजे धागा, 'शिर' म्हणजे मस्तक आणि 'शीर' म्हणजे रक्तवाहिनी. हे सर्व शब्द यादीत आहेत. 'दीनदर्शिका' लिहिणाऱ्याला यंत्र कदाचित अडवील. पण 'दिन माणूस' लिहिणाऱ्याला ते शांतपणे पुढे जाऊ देईल.

रोमन कळा वापरून मराठी लिहिणाऱ्यांसाठी धोका आणखी मोठा आहे. तेथे यंत्र चार पर्याय सुचविते आणि घाईतील लेखक पहिला निवडतो. ऱ्हस्व-दीर्घाचा निर्णय लेखकाऐवजी यंत्र घेते. त्यापेक्षा इन्स्क्रिप्ट कळफलक शिकावा. १९८६ सालापासून तो भारतीय लिप्यांसाठी प्रमाण मानला गेला आहे. स्वर डावीकडे व व्यंजने उजवीकडे अशी त्याची सरळ मांडणी असून काही दिवसांच्या सरावाने हात बसतो. वेलांटी पहिली की दुसरी, हे तेथे प्रत्येक वेळी लेखकालाच ठरवावे लागते आणि हाच त्याचा गुण आहे.

नियम फार नाहीत. मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम १९६२ साली शासनाने स्वीकारले, १९७२ साली त्यांत चारांची भर पडली. एकूण अठरा. 'फूल'चे 'फुलाला' होते, 'गरीब'चे 'गरिबाला' होते, पण 'शरीर' तत्सम असल्याने 'शरीराला' दीर्घच राहते. एवढे समजले तरी निम्म्या तांबड्या रेघांचा निकाल लेखक स्वतः लावू शकतो. मो. रा. वाळंबे यांची आणि अरुण फडके यांची शुद्धलेखनविषयक पुस्तके प्रत्येक लिहित्या घरात असावीत. रेघ दिसली की पुस्तक उघडावे. रेघ प्रश्न विचारते, उत्तर देत नाही.

'मले'खालची रेघ

येथे या विषयातील सर्वांत नाजूक भाग येतो. बोरी अरब हे कापसाच्या मुलखातील गाव. येथील आजोबा नातीला आपल्या आयुष्याची हकिकत सांगतात. ते 'मले' म्हणतात, 'तुले' म्हणतात, 'काहून' असे विचारतात. त्यांच्या बोलण्यात पऱ्हाटी असते, डवरणी असते, शेताचा धुरा असतो, हंगामाअखेरीची उलंगवाडी असते. नात ते भ्रमणध्वनीवर टिपून घेते. यंत्र 'मले'चे 'मला' करते. 'काहून'खाली तांबडी रेघ ओढते. बोलून लिहविण्याची सोयही तोच कल दाखविते. मराठीसाठी गूगलने ती २०१७ साली आणली. प्रमाण भाषा तिला बरी कळते, बोलीतील शब्द ऐकताच ती जवळचा प्रमाण शब्द पुढे करते. नातीला वाटते, यंत्र बरोबर आणि आजोबा चूक. ती 'डवरणी'च्या जागी पाठ्यपुस्तकातील 'कोळपणी' लिहिते, 'धुऱ्या'चा 'बांध' करते. लेख शुद्ध होतो. फक्त आजोबा त्यात उरत नाहीत.

यात यंत्राचा दुष्ट हेतू नाही. त्याच्या यादीत जे शब्द कोणी घातलेच नाहीत, ते त्याला ठाऊक असणार कसे? महाजालावर वऱ्हाडीत लिहिलेला मजकूर अल्प आहे, म्हणून यंत्राला वऱ्हाडी कळत नाही. आणि यंत्र रेघ ओढते म्हणून लिहिणारा वऱ्हाडी टाळतो. हे चक्र भेदण्याचे सामर्थ्य एका छोट्या सोयीत आहे. शब्दकोशात शब्द जोडण्याची ही सोय जवळजवळ प्रत्येक साधनात असते. 'पऱ्हाटी' एकदा जोडावी, रेघ कायमची जाते. 'मले' जोडावे, सूचना थांबते. आपोआप दुरुस्ती करणारी व्यवस्था बोलीतील मजकूर लिहिताना बंद ठेवावी. शाळेने, वाचनालयाने अशी गावच्या शब्दांची एक यादी करून सर्वांना वाटली, तर ते काम स्मरणिकेहूनही टिकाऊ ठरेल.

उद्धव शेळके यांची 'धग' ही कादंबरी १९६० साली प्रसिद्ध झाली. तिच्यातील माणसे वऱ्हाडीत बोलतात आणि म्हणूनच ती जिवंत वाटतात. त्या काळी प्रत्येक बोली शब्दाखाली यंत्राची रेघ नव्हती. शंका घेणारा मुद्रितशोधक असला, तरी तो माणूस होता; त्याला समजावता येत असे. आजच्या तरुण लेखकाला यंत्राशी वाद घालता येत नाही, त्याला केवळ नकार देता येतो. तो नकार देण्याचे धैर्य हवे. प्रमाण मराठी ही सर्वांना जोडणारी भाषा आहे, निवेदनात ती नेटकी असलीच पाहिजे. पण बोलीतील शब्द ही चूक नव्हे. चूक आणि बोली यांतील भेद ओळखणे हा विवेक आहे, आणि तो यादीत सापडत नाही.

दुसरा डोळा, दुसरा कान

संपादनाचे अखेरचे अंग म्हणजे दुसऱ्याची नजर. आता एकाच मजकुरावर दुसरा वाचक कडेला टीप लिहू शकतो किंवा मूळ शब्द न पुसता बदल सुचवू शकतो. जुने काय होते, नवे काय सुचविले, कोणी सुचविले, हे सर्व डोळ्यांसमोर राहते आणि स्वीकारायचे की नाकारायचे ते लेखक ठरवितो. ही मर्यादा महत्त्वाची आहे. संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, अनेक प्रती ताडून ज्ञानेश्वरीचे शुद्धीकरण केले. नकलाकारांच्या हातून शिरलेले अपपाठ त्यांनी दूर केले. स्वतः समर्थ कवी असूनही मूळ ग्रंथात स्वतःची भर घालण्याचा मोह त्यांनी धरला नाही. उलट, जो अशी भर घालील तो अमृताच्या ताटात करवंटी ठेवील, असे बजावले. दुसऱ्याच्या लेखावर हात चालविणाऱ्या प्रत्येकाने हा आदर्श समोर ठेवावा. संपादकाने लेख स्वच्छ करावा, स्वतःचा करू नये.

आणि दुसरा कान? पूर्वी मुद्रिते तपासताना एक जण मूळ प्रत मोठ्याने वाची आणि दुसरा मुद्रितावर नजर ठेवी. आज भ्रमणध्वनी मराठी मजकूर वाचून दाखवितो. तो भावनारहित वाचतो, हीच त्याची उपयुक्तता आहे. लेखकाच्या मनातील सूर तो मिसळत नाही. लांबलेले वाक्य, दोनदा आलेला शब्द, गळालेले क्रियापद कानाला तत्काळ खटकते. यंत्र नसेल तर घरातील कोणाला तरी वाचायला सांगावे. ज्या वाक्यावर वाचणारा अडखळतो, ते वाक्य पुन्हा लिहावे.

शेवटी

सर्व सोयींचा क्रम असा लावता येईल. आधी मोकळेपणाने लिहावे. त्या वेळी तांबड्या रेघांकडे पाहू नये. मग मसुदा एक रात्र ठेवावा. प्रतीला नाव व दिनांक द्यावा. सकाळी आशय तपासावा, नंतर वाक्ये, सर्वांत शेवटी ऱ्हस्व-दीर्घ. बोलीचे शब्द कोशात जोडावेत. दुसऱ्याला वाचायला द्यावे, कानांनी ऐकावे आणि मगच लेख पाठवावा.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्या निर्णयाचा आनंद सर्वांना झाला. अभिजातता प्राचीन ग्रंथांनी सिद्ध होते हे खरे. परंतु ती टिकते आज लिहिल्या जाणाऱ्या प्रत्येक ओळीने. लीळाचरित्राची मूळ प्रत गेली, तेव्हा माणसांच्या स्मरणाने ग्रंथ वाचविला. आज यंत्राचे स्मरण अफाट आहे. पण कोणता शब्द स्मरणात ठेवावा, हे त्याला कोणी तरी सांगावे लागते. बोरी अरबच्या एखाद्या घरात आज रात्री नात आजोबांजवळ बसेल, लिहू लागेल आणि 'मले' या शब्दाखाली रेघ उमटेल. त्या क्षणी तिने शब्द बदलायचा की कोशात जोडायचा, यावर या मुलखाच्या भाषेचे भवितव्य थोडेसे का होईना, अवलंबून आहे.